रापोटोचा डावा कान

सेंट मार्टिनच्या सणाला क्रेयेनस्टाइनच्या दालनात बावीस माणसं, चार भाजलेले हंस आणि एक भांडण असे सगळे दुपारपासून एकाच टेबलाशी बसले होते, आणि त्यातले फक्त हंस गप्प होते.

माझ्या एका बाजूला आई. समोर रापोटोदादा, माझा मामेभाऊ, वयानं बेचाळीस आणि आवाजानं दोन बैलांएवढा. बुरूज त्याचा, टेबल त्याचं, हंसही त्याचेच, मग आवाज कशाला कमी करेल? त्याच्या शेजारी आल्हाइटवहिनी. आणि माझ्या दुसऱ्या बाजूला, अगदी कोपराला कोपर लागेल अशा, युटाबाई. माझ्या होणाऱ्या सासूबाई. होणाऱ्या किंवा न होणाऱ्या, तेच तर ठरायचं होतं.

वोल्फकरला, म्हणजे युटाबाईंच्या मुलाला, पार टोकाला बसवलेलं. माझ्याकडे बघायचं नाही अशी आईची ताकीद होती त्याला, म्हणून बिचारा माझ्या ताटातल्या तंगडीकडे टक लावून बघत होता.

ऐका ना, अडलं होतं ते एका द्राक्षमळ्यावर. काम्प नदीच्या वरचा तो उतार, दिवसभर ऊन खाणारा. युटाबाईंनी पहिल्याच बोलणीत सांगून टाकलेलं की मुलीबरोबर मळा आला तर लग्न, नाहीतर राम राम, गार्सकडची एक मुलगी आम्हाला सांगून आलेलीच आहे. आईला काय, आनंदानं हो म्हणाली. मळा तिचाच. छत्तीस वर्षं ती स्वतःच्या हातानं वेली छाटतेय. पण ह्या वर्षी द्राक्षं उतरवायच्या दिवशी रापोटोदादा मळ्यात मधोमध येऊन उभा राहिला, कमरेवर हात, आणि म्हणाला, "आत्या, हा माझ्या बापाचा मळा. तुला सांभाळायला दिला होता. पोरीच्या लग्नात परक्या घरी द्यायला नव्हे."

झालं! तेव्हापासून दोन घरांमध्ये ओढा होता, त्याची भिंत झाली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, लिंडनच्या झाडाखाली पंच बसणार होते. दादा संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घेणार होता की मळा त्याचा. एकदा ती शपथ झाली की संपलं. त्यानंतर ख्रिसमसच्या आधीचे उपास लागतात, चर्च लग्नं लावत नाही, आणि तोवर गार्सची मुलगी काय हातावर हात ठेवून बसणार होती?

"लिहून का नाही घेतलंत तेव्हा?" युटाबाईंनी हंसाचं हाड बाजूला ठेवत आईला विचारलं. गोड आवाजात. त्यांचा आवाज गोड झाला की समजायचं, आत सुरी आहे.

"लिहिणारं कोण होतं, विहीणबाई?" आई म्हणाली. "आणि कागद उंदीर खातात. कान कुणी खातो का?"

आता कान म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. आपल्याकडे जमीन दिली घेतली की साक्षीदाराचा कान धरून ओढतात, चांगला कळवळेपर्यंत. माणूस एक वेळ आपलं नाव विसरेल, पण कुणी कशासाठी कान पिळला ते नाही विसरणार. इर्नफ्रीडमामा, आईचा थोरला भाऊ, राजाबरोबर पवित्र भूमीच्या लढाईला निघाला, त्या सकाळी त्यानं मळा आईला दिला आणि सात जणांचे कान ओढले. सगळं रीतीप्रमाणे. फक्त एक घोळ केला. सातातले तीन त्याच्याच बरोबर लढाईला निघालेले! म्हणजे शिकारीला निघालेल्या कुत्र्याला घर राखायला सांगण्यासारखंच. मामा परत आला नाही, ते तिघंही आले नाहीत. राहिलेल्यांतले तीन म्हातारे होऊन गेले. सातवा मार्कवार्ट, तो डॅन्यूबच्या पलीकडे लेकीकडे राहायला गेला आणि दर वसंतात कुणीतरी येऊन तो मेल्याचं सांगून जायचं.

आणि सातांवर एक पोर घ्यायचं असतं, कारण पोर सगळ्यात जास्त वर्षं टिकतं. मामानं घेतलं ते आपलंच पोर. सहा वर्षांचा रापोटो.

म्हणजे बघा हं. मळा आईचा आहे असं सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, आणि तोच म्हणत होता की मळा माझा.

"तुझा कान ओढला होता, मेल्या," आई त्याला त्या दिवशी बहुतेक विसाव्यांदा म्हणाली.

"अगं आत्या, माझा कान कुणी नाही ओढला?" दादा हंसाचा पंख हातात घेऊन मोजायला लागला. "आईनं ओढला. पाद्रीबाबांनी ओढला. नाल ठोकणाऱ्यानं ओढला. तू स्वतः आठवड्यातून तीनदा ओढायचीस. त्यातला मळ्याचा कुठला आणि अंडी फोडल्याचा कुठला, मी कसं सांगू?"

सगळं टेबल हसलं. आईसुद्धा हसली असती, पण युटाबाई बघत होत्या.

आणि खरं सांगू? दादा खोटं बोलत नव्हता. हीच तर पंचाईत होती. खोटारड्या माणसाशी भांडता येतं, त्याला पकडता येतं. दादा म्हणजे असला सरळ की एकदा बाजारात घोडा विकताना त्यानंच गिऱ्हाईकाला सांगितलं, ह्याचा मागचा पाय लंगडतो, नीट बघून घे. त्याला आठवलं असतं तर त्यानं मळा त्या क्षणी देऊन टाकला असता. त्याला आठवतच नव्हतं. बापाचं काहीच आठवत नव्हतं त्याला, चेहरासुद्धा नाही.

आल्हाइटवहिनीचं काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, तिनं नंतर सांगितलं. सुरुवातीला ती दादाच्या बाजूनंच होती. मळा राहिला तर उद्या आपल्या हाइलकाच्या लग्नात देता येईल, असा साधा हिशेब. पण त्या सकाळी ती हाइलकाची वेणी घालत होती आणि हाइलकानं विचारलं, "आई, डीमुटआजी आता आपल्याकडे येणार नाही का?" वहिनीच्या हातातला कंगवा थांबला. हाइलकाच्या जन्माच्या वेळी दोन दिवस वहिनी अडली होती, सगळ्यांनी आशा सोडलेली, आणि ओढ्याला पूर आलेला असताना माझी आई कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेली होती. वहिनी मला म्हणाली, "पेट्रिसा, मी कंगवा खाली ठेवला आणि मनाशी म्हटलं, मळा गेला खड्ड्यात. पण नवऱ्याला कसं वळवू? तो बैल आहे. ओढला की उलटा जातो."

म्हणून तिनं काय केलं, तर खसखशीची पोळी केली.

आईनं कधीतरी सांगितलेलं की कान ओढल्यावर रापोटोला रडू येऊ नये म्हणून मधाची खसखशीची पोळी दिली होती. तर वहिनी हंसानंतर ती पोळी घेऊन आली, मध अजून वर बुडबुडतोय, वासानं तोंडाला पाणी, आणि दादाच्या पुढ्यात ठेवून अगदी निरागस चेहऱ्यानं उभी राहिली.

दादानं एक तुकडा खाल्ला.

"काही आठवतंय?" वहिनी म्हणाली.

दादानं डोळे मिटले. दुसरा तुकडा खाल्ला. आई पुढे वाकली. मी पुढे वाकले. युटाबाईसुद्धा थोड्या पुढे वाकल्या.

"येतंय," दादा म्हणाला. "येतंय काहीतरी. अजून एक तुकडा दे."

तिसरा तुकडा गेला.

"काय आलं?"

"ढेकर," दादा म्हणाला.

दादाचे बाकावरचे तिघे चुलतभाऊ टेबलावर मुठी आपटत हसले. हे तिघे उद्या दादाच्या शपथेला साथ देणार होते, पण त्यांचं काही खरं नव्हतं. ज्या बाजूनं पेला भरला जाईल ती त्यांची बाजू. आईनं ते ओळखून दुपारपासून त्यांच्यासमोरची सुरई आपल्याकडे ओढून ठेवली होती आणि स्वतःच वाढत होती. दोघे तर आधीच "आत्या म्हणते त्यातही तथ्य आहे" म्हणायला लागलेले.

ती वाइन होती त्याच मळ्यातली, बरं का. त्या वर्षीची, त्याच दिवशी उघडलेली. युटाबाईंनी पहिला घोट घेतला तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काही दिसलं नाही. आता मात्र त्या स्वतःच सगळ्यांना सांगत सुटतात, "मी तो घोट घेतला आणि मनात म्हटलं, असल्या मळ्याबरोबर गाढवीण सून म्हणून आली तरी घ्यावी." त्यांच्याकडे जमीन म्हणजे नुसते दगड हो. ओट पेरायचे आणि आंबट सफरचंदं खायची. बत्तीस वर्षं त्या बाईनं आंबट तोंडानं सण काढले होते. मला तेव्हा वाटलं दुष्ट आहेत. दुष्ट नव्हत्या, त्यांना एकदा तरी गोड काहीतरी आपल्या घरचं प्यायचं होतं.

पण तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "डीमुटबाई, तुमचे यजमान दिसत नाहीत ते? लेकीच्या आयुष्याचा प्रश्न आणि बाप कुठे?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. कारण बाबा चार दिवसांपूर्वी घरातून गेलेले. हंस आणायला! आईला म्हणाले, "रापोटोकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, एक हंस आणतो," आणि जे गेले ते गेलेच. आमच्या बाबांना तुम्ही ओळखता. काडोल्ट म्हणजे सगळ्या खोऱ्यात थट्टेचा विषय. भाला धरला तर उलटा धरतील, आणि गाणं म्हणतील ते सुलट.

"येतील," आई म्हणाली. तिनं सुरई उचलली.

"हंस अंड्यातून काढून वाढवत असतील," दादा म्हणाला. "आतोबांचं काम निवांत."

आणि तेवढ्यात, खोटं नाही सांगत, तेवढ्यात दार ढकललं गेलं. बाबाच! चिखलानं कमरेपर्यंत माखलेले, एका काखेत एक हडकुळा जिवंत हंस, आणि पाठीवर एक म्हातारा. पोत्यासारखा. म्हाताऱ्याचे पाय बाबांच्या कमरेभोवती, दाढी बाबांच्या खांद्यावर.

"उशीर झाला," बाबा धापा टाकत म्हणाले. "हंस मिळाला लगेच. ह्यांना शोधायला वेळ लागला."

आई उभी राहिली. तिच्या हातून सुरई पडली, चुलतभावांनी झडप घालून धरली.

"मार्कवार्टकाका?"

"कोण मेलंय म्हणून सांगत होते?" म्हातारा बाबांच्या पाठीवरूनच ओरडला. "ह्या बाजूनं बोला. डाव्या कानानं ऐकू येत नाही. ओढून ओढून गेला तो. ह्या कानावर अख्ख्या काम्प खोऱ्याच्या जमिनी आहेत!"

काय दंगा झाला म्हणून सांगू! हंस सुटून टेबलावर, पेले आडवे, हाइलका त्याच्यामागे, वोल्फकर हंस पकडायच्या निमित्तानं उठून माझ्या इतका जवळून गेला की माझ्या कानात "गार्सची मुलगी मला नकोच आहे" एवढं सांगून हंस घेऊन परत जागेवर. आई बाबांकडे बघत होती. चार दिवस ती ह्या माणसाला शिव्या घालत होती. तिनं आपल्या ओढणीचा पदर घेऊन त्यांच्या कपाळावरचा चिखल पुसला. बाबा एकदम लाजले.

मार्कवार्टआजोबांना चुलीजवळ बसवलं, पेला दिला, उजव्या बाजूला आई बसली. आणि त्यांनी सांगितलं सगळं. घडघडा. सकाळ कुठली, घोडे कुठे बांधले होते, मामानं मातीचं ढेकूळ आणि वेलीची काडी आईच्या हातात कशी दिली. मळा दिला, कायमचा दिला, आला परत तरी बहिणीचा, नाही आला तरी बहिणीचा.

मी उठून नाचणारच होते. तर युटाबाई म्हणाल्या, "एकच साक्षीदार?"

आणि दादा हळूच म्हणाला, "पंच एकाचं ऐकत नाहीत, आत्या. दोन लागतात." त्याच्या आवाजात आनंद नव्हता हं. त्याला मळा जिंकून काही सुख होत नव्हतं असं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. टेबलाखाली त्याचा हात चालू होता. त्याचा म्हातारा कुत्रा पाको नेहमी त्याच्या पायाशी बसतो ना, डाव्या कानाचा टवका उडालेला, रानडुकरानं तोडलेला, तोच. दादाला विचारात पडलं की त्याचा तो तुटका कान अंगठ्यानं चोळायची सवय. आम्ही लहानपणापासून बघतोय, आधीच्या कुत्र्याचा कानही चोळायचा, पण तो धड होता म्हणून पाकोवर जास्त जीव. म्हणायचा, "मला माझ्या लहानपणातलं एवढंच आठवतं, असा एक टवका उडालेला कान. घरात तसा कुठलातरी कुत्रा असेल."

"दुसरा साक्षीदार समोर बसलाय की," मार्कवार्टआजोबा म्हणाले. "हा पोरगा होता तिथे. आता पोट सुटलंय, पण हाच."

"मला आठवत नाही, आजोबा," दादा म्हणाला. "देवाशपथ. कान ओढला असेल, पण आठवत नाही."

"कसं आठवेल? तुझा कान ओढलाच नव्हता."

दालन एकदम शांत झालं. हंससुद्धा.

"काय बोलताय काका!" आई म्हणाली. "ओढला होता! मी होते तिथे!"

"तू होतीस, पोरी, पण कुंपणाकडे तोंड करून रडत होतीस. भाऊ चालला होता ना तुझा. पाठ होती तुझी."

 आई बारीक आवाजात म्हणाली, "हो. पाठ होती. मला नुसता इर्नफ्रीड हसलेला ऐकू आला. मला वाटलं... पोराचा कान ओढला की मोठी माणसं हसतात, तसंच."

"सात कान ओढून झाले," मार्कवार्टआजोबा म्हणाले. "मग तो ह्या पोराकडे वळला. तर ह्यानं दोन्ही कान हातांनी झाकून घेतले आणि भोकाड पसरलं, माझा नाही ओढायचा, माझा नाही! आणि इर्नफ्रीड, एवढा चिलखत घातलेला गडी, खाली बसला गुडघ्यावर. म्हणाला, बरं, तुझा नको. मग तू माझा ओढ."

"माझा म्हणजे?" दादानं विचारलं.

"बापाचा कान. डावा. घोड्यानं चावलेला."

"अगंबाई, हो की," आई म्हणाली, "वरचा टवका गेला होता त्याचा, तरुणपणी, करड्या घोडीनं..." आणि मग ती थांबली, कारण ती दादाकडे बघत होती.

दादाचा हात टेबलाखाली थांबला होता. पाकोच्या कानावर. अंगठा बरोबर त्या तुटक्या कडेवर.

मी इतकी वर्षं दादाला बघतेय, पण असा चेहरा नाही बघितला. लग्नात नाचताना मी त्याला विचारलं, तेव्हा काय झालं रे तुला? तो म्हणाला, "पेट्रिसा, आधी चेहरा आला नाही. आधी वास आला. चामड्याचा आणि तेलाचा. मग चिलखत गालाला गार लागलं ते. मग हसणं. आणि मग एकदम सगळा माणूस समोर. दाढीत एक बाजूला पांढरा केस होता, तो सुद्धा."

"आणि मग इर्नफ्रीड पोराला म्हणाला..." मार्कवार्टआजोबा सांगायला लागले.

"थांबा," दादा म्हणाला. "मी सांगतो."

त्यानं हात वर घेतला. तीच दोन बोटं, अंगठा आणि तर्जनी, काहीतरी धरल्यासारखी.

"म्हणाला, ओढ, जोरात ओढ, उंदरासारखा नको. हा मळा तुझ्या आत्याचा. कुणी विचारलं तर सांगायचं. आणि विसरलास ना, तर मी परत येऊन तुझे दोन्ही कान ओढीन."

म्हातारबुवांनी मान हलवली. "शब्दाला शब्द."

मला वाटलं, झालं! मिळाला मळा! मी वोल्फकरकडे बघितलं, वोल्फकरनं माझ्याकडे बघितलं, ताकीद गेली उडत. पण कुणीच ओरडेना. कारण दादा अजून बोलत होता. आणि तो बेचाळीस वर्षांच्या माणसासारखा बोलत नव्हता.

"आत्या, मी मुद्दाम विसरलो," तो म्हणाला.

"काय रे बाळा?"

"विसरलास तर परत येईन, म्हणाला होता. मी रोज पायरीवर बसून विसरायचो. विसरलो, विसरलो, म्हणत बसायचो. म्हटलं, नीट विसरलो की येईल." त्यानं नाक ओढलं, एवढ्या मोठ्या माणसानं, बाहीनं पुसलं. "फार चांगलं विसरलो गं मी. तरी नाही आला."

वहिनीनं तोंडावर हात घेतला. चुलतभावांनी पेले खाली ठेवले, आपणहून, हे मी पहिल्यांदाच बघत होते. युटाबाई आपल्या ताटाकडे बघत होत्या आणि त्यांच्या नाकाचं टोक लाल झालं होतं.

आणि माझी आई उठली. टेबलाला वळसा घालून दादाच्या मागे गेली. मला वाटलं मिठी मारेल. तिनं काय करावं? दोन्ही हातांनी त्याचे दोन्ही कान धरले आणि असे ओढले, असे ओढले की दादा "आई गं!" म्हणून किंचाळत बाकावरून अर्धा उठला.

"हा इर्नफ्रीडचा," आई रडत रडत म्हणाली, "आणि हाही इर्नफ्रीडचाच. त्याचं राहिलेलं काम होतं. झालं. आता विसरू नकोस."

आधी हसलं कोण ते आठवत नाही, बहुतेक दादाच. तो असा हसला की पाको भुंकायला लागला, हंस ओरडायला लागला, आणि मग सगळं दालन. दादा हसत होता, रडत होता, आईच्या कमरेला मिठी मारून "अजून ओढ गं, अजून एकदा" म्हणत होता, आणि आई त्याच्या डोक्यावर टपला मारत होती.

"तर मग," युटाबाई डोळे पुसून म्हणाल्या, गोड आवाजात नाही, साध्या आवाजात, "मळ्याचं काय समजायचं मी?"

"समजायचं काय!" दादा उठला. "उजेड आहे अजून. चला सगळे. पंचांना उद्या नुसतं कळवू, द्यायचा तो आजच देऊ. आणि ह्या वेळी नीट देऊ, बापासारखं नको. लढाईला जाणारा कोण आहे का इथे?"

"नाही!" चुलतभाऊ म्हणाले.

"लांब राहायला जाणारा? मरायच्या बेतात असलेला?"

"माझ्याकडे बघू नकोस," मार्कवार्टआजोबा म्हणाले, "मी छत्तीस वर्षं मेलेलाच आहे."

गेलो सगळे. ओढा ओलांडून, उतारावर, पानं पिवळी पडलेली, खाली नदी चकाकतेय. आजोबा परत बाबांच्या पाठीवर, आणि ह्या वेळी युटाबाई बाबांच्या शेजारून चालत होत्या आणि विचारत होत्या, "दमला नाहीत ना, व्याहीबुवा?" व्याहीबुवा! बाबांनी मान वळवून मला डोळा मारला आणि आजोबांसकट चिखलात बसता बसता वाचले.

दादानं ढेकूळ उचललं, वेलीची काडी तोडली, आईच्या हातात दिली. आईनं माझ्या हातात. मग साक्षीदार. स्वयंपाकीण आली, ती तीस वर्षं वेशीबाहेर गेलेली नाही. पाद्रीबाबा. तिघे चुलतभाऊ, रांगेत. दादा कान ओढत सुटला, प्रत्येक जण कळवळतोय, बाकीचे टाळ्या वाजवतायत. युटाबाईंनी आपण होऊन आपली ओढणी बाजूला केली आणि कान पुढे केला. "वरमाईचा ओढत नाहीत," पाद्रीबाबा म्हणाले. "मळा माझ्या घरी येतोय," त्या म्हणाल्या, "ओढा."

"आता पोर," दादा म्हणाला. "हाइलका, ये इकडे."

हाइलका सहाची. ती दोन पावलं पुढे आली, सगळ्यांचे लाललाल कान बघितले, आणि दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले. ओठ थरथरायला लागला.

दादा तिच्यापुढे चिखलात गुडघ्यावर बसला. चांगली सणाची विजार होती. मान तिरकी केली, डावा कान पुढे केला.

"तुझा नको," तो म्हणाला. "तू माझा ओढ. जोरात. हा मळा पेट्रिसाआत्याचा. लक्षात राहील?"

तिनं दोन बोटांनी धरला. "आणि विसरले तर?"

दादानं तिची वेणी सरळ केली.

"विसरलीस तर मला येऊन विचार," तो म्हणाला. "मी घरीच असेन."

तिनं ओढला. आणि सोडेचना! दादा "पुरे, पुरे" म्हणतोय, ती मान हलवतेय, अजून नीट लक्षात राहिलं नाही म्हणतेय. शेवटी सगळे उतार उतरायला लागले तसा तोही उठला, कमरेत वाकून, कान तिच्या मुठीत, आणि क्रेयेनस्टाइनचा धनी तसाच वाकडा वाकडा चालत ओढा ओलांडून पार दालनापर्यंत आला, मागे पाको.